मित्रदेशाच्या हद्दीतला हल्ला: गुपचूप दिलेल्या होकाराची किंमत कोण मोजतं?

प्रश्न असा आहे: दहशतवादी एखाद्या मित्रदेशात लपलेत, तिथलं सरकार हालचाल करत नाही, अशा वेळी त्या देशात शिरून लष्करी हल्ला करणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरतं का? आणि त्याला जोडून: त्या सरकारनं आतून होकार दिलाय, बाहेर मात्र निषेध करतंय, तर मामला सोपा होतो का?

पहिल्याचं उत्तर, ठरतं, पण फार क्वचित. दुसऱ्याचं, नाही, उलट जास्त अवघड होतो. बहुतेक लोक नेमकं याच्या उलट धरून चालतात, म्हणून माझा बराचसा वेळ दुसऱ्या प्रश्नावर जाणार आहे. मी लष्कराच्या विधी शाखेत नोकरी केली आणि नंतर अधिकाऱ्यांना युद्धविषयक कायदा शिकवला. त्यामुळे हे बोलणं तत्त्वज्ञाचं कमी आणि आदेशाच्या कागदावर मत देणाऱ्या माणसाचं जास्त आहे.

कायद्याचं आधी उरकतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करतं. कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षणाचा हक्क शाबूत ठेवतं. आपली भूमी इतरांच्या हक्कांविरुद्ध वापरली जातेय हे ठाऊक असताना कोणत्याही देशाला ती तशी वापरू देता येत नाही, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९४९ मध्ये कोर्फू सामुद्रधुनीच्या खटल्यात सांगितलं. सुरक्षा परिषदेच्या २००१ च्या ठराव १३७३ नं दहशतवाद्यांना आसरा न देणं सगळ्यांवर बंधनकारक केलं. यजमान देश कारवाई करायला तयार नसेल किंवा त्याला ती जमत नसेल तर पीडित देशानं स्वतः करावी, हा युक्तिवाद अमेरिकेनं सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाबाबत सरचिटणीसांना पाठवलेल्या पत्रात उघड मांडला. तो सर्वमान्य नाही. शिवाय कायद्यानं दार किलकिलं ठेवलं म्हणजे आत शिरणं योग्यच, असंही होत नाही.

या सगळ्या चर्चेचं मूळ प्रकरण मित्रदेशातच घडलेलं आहे, हे सहसा विसरलं जातं. २९ डिसेंबर १८३७ च्या रात्री कॅनडातल्या ब्रिटिश सैनिकांनी नायगारा नदी ओलांडली, अमेरिकेच्या किनाऱ्याला बांधलेली 'कॅरोलाइन' नावाची आगबोट पेटवली आणि प्रवाहात सोडून दिली. ही बोट कॅनडातल्या बंडखोरांना रसद पोचवत होती. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात तेव्हा शांतता होती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनिएल वेबस्टर यांनी १८४१ मध्ये ब्रिटनला लिहिलं की असं कृत्य समर्थनीय ठरायचं तर गरज तात्काळ आणि अटळ असली पाहिजे, दुसरा मार्ग निवडायला किंवा विचार करायला क्षणाचीही फुरसत नसली पाहिजे. ही कसोटी आजही वर्गात शिकवतात. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८४२ मध्ये ब्रिटनचे दूत लॉर्ड अॅशबर्टन यांनी हल्ल्याचं समर्थन सोडलं नाही, पण खुलासा आणि माफी तेव्हाच द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही याचा खेद वाटतो, असं कळवलं. म्हणजे हल्ला बरोबर होता असं मानणाऱ्यालाही मित्राला उत्तर देणं चुकत नव्हतं.

आता मित्र आणि शत्रू यांत फरक काय? लोक म्हणतात मित्राच्या बाबतीत जरा सवलत असावी, शेवटी हेतू एकच आहे. मी उलट म्हणतो. मित्रदेशात तुमच्यापुढे जास्त मार्ग उघडे असतात. त्याच्या पोलिसांना खबर देता येते, प्रत्यर्पण मागता येतं, संयुक्त कारवाई करता येते, मदत थांबवण्याचा दबाव आणता येतो. 'दुसरा मार्गच नव्हता' हे वाक्य शत्रूदेशाबद्दल लवकर खरं होतं, मित्राबद्दल फार उशिरा.

जिथं पोलीस आणि न्यायालयं चालू आहेत अशा देशात तर हे वाक्य जवळपास कधीच खरं नसतं. जुलै १९७३ मध्ये म्युनिक ऑलिंपिक हत्याकांडाच्या सूत्रधाराच्या शोधात असलेल्या मोसादच्या पथकानं नॉर्वेतल्या लिलेहॅमर गावात एका माणसाला गोळ्या घातल्या. तो मोरोक्कोचा एक वेटर निघाला. गरोदर बायको शेजारी होती. नॉर्वे इस्राएलचा जवळचा मित्र. पथकातले सहा जण पकडले गेले, पाच जणांना शिक्षा झाली, आणि कुटुंबाला भरपाई मिळाली ती १९९६ मध्ये, तीही जबाबदारी मान्य न करता. फेब्रुवारी २००३ मध्ये सीआयएनं मिलानच्या रस्त्यावरून एका इमामाला उचलून इजिप्तला नेलं. हा हल्ला नव्हे, अपहरण, पण नैतिक गणित तेच. इटलीचे पोलीस त्या माणसावर आधीपासून पाळत ठेवून होते. या अपहरणानं त्यांचा तपासच उधळला. २००९ मध्ये मिलानच्या न्यायालयानं २३ अमेरिकनांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं.

उलट उदाहरण १९७७ चं. लुफ्तान्साचं अपहृत विमान मोगादिशूला उतरवलं गेलं, तेव्हा पश्चिम जर्मनीनं सोमालियाचे अध्यक्ष सियाद बारे यांच्याशी बोलून परवानगी मिळवली आणि मग जीएसजी ९ हे जर्मन कमांडो पथक विमानात घुसलं. विमानातले ८६ ओलीस सुटले. बारे काही लोकशाहीवादी सज्जन नव्हते, जर्मनीचे खास दोस्तही नव्हते. तरीही विचारलं गेलं, आणि होकार मिळाला. वर्षभरापूर्वी युगांडातल्या एंटेबी विमानतळावरून ओलीस सोडवताना इस्राएलनं विचारलं नव्हतं, कारण तिथला हुकूमशहा इदी अमीन याची फौज अपहरणकर्त्यांच्याच बाजूनं उभी होती. मला दोन्ही कारवाया समर्थनीय वाटतात, आणि फरक नेमका याच जागी आहे: विचारण्यात अर्थ होता की नव्हता.

म्हणून नियोजनाच्या टेबलावर माझा पहिला सवाल असायचा, 'विचारलंय का? कोणाला, कधी, काय पुरावा दाखवून?' बऱ्याचदा उत्तर येतं की त्यांना सगळं माहीतच आहे. 'माहीत आहे' म्हणजे विचारणं नव्हे. ठिकाण, नाव, मुदत देऊन मागणी केली आणि ती नाकारली गेली, किंवा मुदत संपली, तर 'तयार नाही' हे म्हणता येतं. नाहीतर तो आपला आपणच काढलेला निष्कर्ष असतो.

यात धीराचा वाटा किती मोठा असतो हे भूतानकडे पाहून कळतं. उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या सशस्त्र फुटीर संघटनांचे तळ नव्वदच्या दशकापासून दक्षिण भूतानच्या जंगलात होते. आसाममध्ये स्फोट व्हायचे आणि माणसं सीमेपलीकडे निघून जायची. भारताला ते तळ स्वतः उडवणं लष्करीदृष्ट्या कठीण नव्हतं. भारतानं दबाव ठेवला, भूताननं वर्षानुवर्षं या संघटनांशी बोलणी केली, ती फसली, आणि १५ डिसेंबर २००३ ला भूतानच्याच सेनेनं राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या नेतृत्वाखाली ३० तळांवर चढाई केली. भारतीय लष्करानं सीमा रोखून धरली. काही दिवसांत तळ मोडले. या वर्षांच्या थांबण्यात आसामात माणसं मेली, हे लपवायचं कारण नाही. धीर फुकट मिळत नाही. पण भूतानमधल्या कोणाला आपल्या अंगणात परक्यांनी बाँब टाकले असं म्हणता आलं नाही, आणि पूर्वीसारखे तळ परत उभे राहिले नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकाला जानेवारी २०२४. इराणनं १६ तारखेला पाकिस्तानी बलुचिस्तानात जैश अल-अद्ल या इराणविरोधी अतिरेकी संघटनेच्या ठिकाणांवर क्षेपणास्त्रं डागली. त्याच दिवशी दाव्होसमध्ये इराणचे परराष्ट्रमंत्री पाकिस्तानच्या काळजीवाहू पंतप्रधानांना भेटले होते! दोन मुलं मेल्याचं पाकिस्ताननं सांगितलं. १८ तारखेला पाकिस्ताननं इराणच्या सिस्तान-बलुचिस्तानात हल्ला केला. तिथं मेलेल्यांत बायका-मुलं होती. महिना संपायच्या आत राजदूत परत रुजू झाले, परराष्ट्रमंत्री इस्लामाबादेत आले, दोन्ही देश पुन्हा 'बंधुराष्ट्रं' झाले. म्हणजे बोलण्याची वाट पूर्ण उघडी होती. ती मुलं कशासाठी मेली, याचं उत्तर दोन्ही राजधान्यांकडे नाही.

कोलंबियानं १ मार्च २००८ ला इक्वेडोरच्या हद्दीत सुमारे दोन किलोमीटर आत असलेला फार्क या कोलंबियन बंडखोर संघटनेचा तळ उडवला, राउल रेयेस हा मोठा नेता मारला गेला. अध्यक्ष उरिबे यांनी इक्वेडोरच्या अध्यक्षांना नंतर फोन करून पाठलागात घडल्याचं सांगितलं. इक्वेडोरच्या सैनिकांना तळावर झोपेत मारलेले लोक सापडले. मृतांत चार मेक्सिकन विद्यार्थी आणि एक इक्वेडोरचा नागरिक होता. संबंध पूर्ववत व्हायला २०१० संपत आलं. हल्ल्याइतकाच त्या फोननं घात केला असं मला वाटतं. न विचारण्याची कारणं समजून घेता येतात. विचारलं नाही ते नाहीच, वर खोटंही सांगितलं, हे मित्र विसरत नाही.

आता गुपचूप होकाराकडे येतो.

पाकिस्तान २००४ मध्ये अमेरिकेचा नाटोबाहेरचा प्रमुख मित्रदेश घोषित झाला. त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिण वझिरिस्तानात तालिबानचा म्होरक्या नेक मुहम्मद पहिल्या ड्रोन हल्ल्यात मारला गेला, आणि पाकिस्तानी लष्करानं ते आपलंच काम असल्याचं जाहीर केलं. ३० ऑक्टोबर २००६ ला बाजौरमधल्या एका मदरशावरच्या हल्ल्यात सुमारे ८० जण मेले. तेही सुरुवातीला पाकिस्ताननं स्वतःच्या अंगावर घेतलं. आठवड्याभरानं दर्गई इथं आत्मघातकी हल्ल्यात ४२ नवशिके सैनिक ठार झाले. बलुचिस्तानातला शम्सी हवाईतळ अमेरिका वापरत होती. विकिलीक्सनं उघड केलेल्या २००८ च्या एका अमेरिकी राजनैतिक तारेनुसार पंतप्रधान गिलानी यांनी अमेरिकी राजदूतांना सांगितलं होतं की योग्य माणसं मिळत असतील तर आमची हरकत नाही, आम्ही संसदेत निषेध करू आणि नंतर दुर्लक्ष करू. मुशर्रफ यांनीही २०१३ मध्ये मोजक्या हल्ल्यांना परवानगी दिल्याचं कबूल केलं. येमेनचे अध्यक्ष सालेह यांनी जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेचे जनरल पेट्रेयस यांना दिलेलं आश्वासन असंच होतं: बाँब तुमचे नाहीत, आमचेच आहेत असं आम्ही सांगत राहू.

कायद्याच्या दृष्टीनं होकार हा होकार असतो. अधिकार असलेल्या माणसानं दिला तर सार्वभौमत्वाचा भंग होत नाही. म्हणून सल्लागारांना असा होकार आवडतो. फाइल स्वच्छ राहते. नैतिकदृष्ट्या मात्र तो मला न विचारता केलेल्या उघड हल्ल्यापेक्षा वाईट वाटतो. उघड हल्ल्यात निदान कोणीतरी म्हणतं की हे मी केलं. गुप्त करारात हल्ला करणारा बोलत नाही, कारण यजमानाची अडचण होईल. आणि यजमान बोलत नाही, कारण मग आपण होकार दिला होता हे बाहेर येईल. ज्याचं घर पडलं त्यानं दाद कोणाकडे मागायची?

वझिरिस्तानात हा प्रश्न आणखी टोकदार होता. तिथं २०१८ पर्यंत १९०१ चा सरहद्द गुन्हे कायदा लागू होता: एकाच्या गुन्ह्यासाठी टोळीला सामूहिक शिक्षा, आणि उच्च न्यायालयांना त्या भागात राज्यघटनेनंच मज्जाव. म्हणजे ज्या लोकांना स्वतःच्या न्यायालयाचं दार बंद होतं, त्यांच्या डोक्यावर बाँब टाकायची परवानगी त्यांचं सरकार दुसऱ्याला देत होतं. असं सरकार होकार द्यायला समर्थ असेल, पण त्या होकारात त्या लोकांचा काडीइतकाही आवाज नव्हता. पेशावर उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हे हल्ले बेकायदा ठरवले, तेव्हा सर्वांत मोठी लाट ओसरून गेली होती.

आणि गुप्ततेत शिस्त सैल होते, हा अनुभव आहे. उत्तर द्यायचं नसेल तर नेम सावकाश धरायची गरज उरत नाही. नाव माहीत नसलेल्या माणसांवर केवळ त्यांच्या वागण्याच्या पद्धतीवरून हल्ले सुरू झाले. साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच प्रकार. १७ मार्च २०११ ला दत्ता खेल इथं क्रोमाइटच्या खाणीच्या वादावर भरलेल्या जिरग्यावर, म्हणजे टोळ्यांच्या पंचायतीवर, क्षेपणास्त्रं पडली, सुमारे ४० जण मेले, त्यात टोळ्यांचे वडीलधारे होते. ते अतिरेकीच होते असं अमेरिकी अधिकारी नाव न देता सांगत राहिले. नाव देऊन बोलणारा कोणी असता तर त्याला पुरावाही द्यावा लागला असता.

माझा निकष म्हणून साधा आहे. यजमान सरकारला हल्ल्यानंतर स्वतःच्या संसदेत उभं राहून 'होय, आम्ही परवानगी दिली' असं म्हणता येत असेल, तोच होकार मोजायचा. कारवाई चालू असेपर्यंत गुप्तता ठीक. कायमची गुप्तता म्हणजे दोन सरकारांनी मिळून केलेली हातझटकी. यावर आक्षेप येतो की असं म्हटलं तर कमकुवत मित्र सरकारं कोसळतील आणि दहशतवाद्यांचंच फावेल. आक्षेपात दम आहे. पण खरं बोलल्यावर ज्या धोरणापायी सरकार पडतं, ते धोरण खोटं बोलून दहा वर्षं चालवल्यावर ते सरकार बळकट होतं, असं पाकिस्तानात किंवा येमेनमध्ये दिसलं नाही. सालेह २०१२ मध्ये पायउतार झाले आणि त्यांच्यामागे देश कोणत्या अवस्थेत गेला ते समोर आहे.

आता सर्वांत अवघड उदाहरण, अबोटाबाद, २ मे २०११: अमेरिकेनं पाकिस्तानात शिरून बिन लादेनला मारलं ते. पाकिस्तानला विचारलं असतं तर खबर फुटली असती, ही भीती सीआयएचे प्रमुख पॅनेटा यांनी नंतर बोलून दाखवली. बिन लादेन लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर राहत होता. ती भीती वेडगळ नव्हती. मी ही कारवाई समर्थनीय मानतो, आणि कारणं देतो: लक्ष्य एकच आणि निर्विवाद होतं, वरून बाँब टाकण्याऐवजी माणसं पाठवून धोका स्वतःच्या सैनिकांवर घेतला, आणि काही तासांत अध्यक्षांनी टीव्हीवर येऊन आपण केलं असं सांगितलं. तिसरी गोष्ट नसती तर पहिल्या दोन मला पुरल्या नसत्या. एक डाग मात्र राहतो. घरातल्यांची ओळख पटवण्यासाठी सीआयएनं त्या भागात हिपॅटायटिस बी लसीकरणाचं सोंग उभं केलं होतं. ते उघड झाल्यावर पाकिस्तानात पोलिओचे डोस द्यायला जाणाऱ्या बायकांवरचा संशय आणि त्यांच्या जिवाचा धोका वाढला. लसीकरणाचा असा वापर करणार नाही असं व्हाइट हाउसनं २०१४ मध्ये कळवलं. मित्राच्या पोरांच्या लशीवरचा विश्वास तुमच्या मालकीचा नसतो.

प्रमाणबद्धतेबद्दल थोडं, कारण तिथं लोक आकड्यांत अडकतात. अमेरिकी गुप्तचर संचालकांच्या कार्यालयानं २०१६ मध्ये सांगितलं की २००९ ते २०१५ या काळात अफगाणिस्तान, इराक आणि सीरिया सोडून इतरत्र ४७३ हल्ल्यांत ६४ ते ११६ बिगरलढवय्ये मेले. स्वतंत्र मोजणी करणाऱ्यांचे आकडे कितीतरी पट मोठे होते. ओबामांनी मे २०१३ मध्ये नागरिक मरणार नाहीत याची 'जवळपास खात्री' असल्याशिवाय हल्ला नाही असा दंडक जाहीर केला. दंडक चांगला होता. पण जानेवारी २०१५ मध्ये पाक-अफगाण सीमेवरच्या एका हल्ल्यात अल-कायदाच्या कैदेतले एक अमेरिकी आणि एक इटालियन ओलीस मेले. तीन महिन्यांनी ओबामांनी जाहीर माफी मागितली, पूर्ण जबाबदारी घेतली. ते योग्यच केलं. त्याच डोंगरात मेलेल्या पश्तून गावकऱ्यांच्या नावानं अशी पत्रकार परिषद झाली नाही. हा भेद शत्रूदेशातही लज्जास्पद असतो, मित्रदेशात तर मैत्रीचा अर्थच त्यातून कळतो. वर्गात मी अधिकाऱ्यांना एकच प्रश्न घालायचो: हेच घर आपल्या शहरात असतं, आत हाच माणूस आणि शेजारी आपली माणसं, तर हेच शस्त्र वापरलं असतं का? उत्तर 'नाही' आलं की पुढं चर्चा नको, शस्त्र बदला किंवा थांबा.

तुमच्या मनात कदाचित असंही असेल की मित्रच दुटप्पी निघाला, अतिरेक्यांना पोसतोय, तर? मग त्या बाबतीत तो मित्र नाही, हे आधी स्वतःशी कबूल करा. एका हातानं त्याच्या लष्कराला पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हातानं त्याच्या डोंगरात क्षेपणास्त्रं सोडायची, याचा भार शेवटी डोंगरातल्या माणसावर पडतो. पैसे थांबवणं राजधानीतल्या माणसाला दुखतं, म्हणूनच ते आधी करायला हवं. आणि म्हणूनच ते सहसा होत नाही.

शेवटी हल्ल्यानंतरचं. नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला चौकीवर नाटोच्या हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले. अमेरिकेनं खेद व्यक्त केला, शोक कळवला, पण 'सॉरी' म्हणायला जुलै २०१२ उजाडला. तोवर शम्सी तळ गेला होता आणि अफगाणिस्तानकडे जाणारी नाटोची रसद सात महिने अडून राहिली होती. एवढा काळ वॉशिंग्टनमध्ये खल चालला होता तो निवडणुकीच्या वर्षात माफी मागणं परवडेल का यावर. ते सैनिक होते, त्यांच्यामागे एक लष्कर उभं होतं, म्हणून निदान तेवढं तरी मिळालं. मत देणाऱ्या सल्लागाराला माझा आग्रह असतो की हल्ल्याच्या मंजुरीच्या कागदातच चार ओळी आधी लिहून घ्याव्यात: चूक झाली तर चौकशी कोण करणार, कबुली कोण देणार, भरपाई कोणत्या खात्यातून जाणार, आणि यजमान देशातल्या कुटुंबानं अर्ज कुठं करायचा. या चार ओळी भरता येत नसतील तर मी मंजुरीच्या बाजूनं मत देत नाही, खबर कितीही पक्की असली तरी.